ड्राफ्ट नीट ठेवले आहेत

लखनौ
३ मार्च १९८७

सुनीती, सलाम.

चारबाग स्टेशनवर तुझं नेमणुकीचं पत्र फाडलं, त्याची माफी मागायला बसलो होतो. तीन कागद वाया गेले. माफी पुरी व्हायच्या आत दर वेळी मला पुन्हा राग येतो. म्हणून सरळ लिहितो : फाडायला नको होतं. सगळ्या प्लॅटफॉर्मसमोर तर नकोच होतं. तू शांतपणे पर्समधून दुसरी प्रत काढून दाखवलीस तेव्हा हमाल म्हणाला, "भैया, बहनजी आपसे होशियार निकलीं." ते अजून झोंबतंय. मी फाडणार हे तुला आधीच ठाऊक होतं. इतकं ओळखतेस तर गेलीस कशी?

आणि गेलीस ती कुठे! मुंबईला, बँकेच्या हेड ऑफिसात, चेक वाचणाऱ्या यंत्रावर. दोन वर्षं दर गुरुवारी ब्रदर मसीहच्या प्रार्थनेच्या बैठकीत ज्या यंत्राबद्दल ऐकलं, त्याच यंत्राच्या पुढ्यात पगार घेऊन बसायला.

आज एक कबूल करतो. मी त्या बैठकीला प्रभूसाठी आलो नव्हतो. महाराष्ट्र समाजाच्या नाटकात तू विंगेत उभी राहून दुसऱ्यांचे संवाद पुटपुटत होतीस, त्या दिवसापासून मी तू जाशील तिथे जात होतो. तू गुरुवारी तिथे जायचीस, मीही आलो. गाण्यांचं पुस्तक आपल्या दोघांत एक होतं. बस, तेवढ्यासाठी.

श्वापदाची गोष्ट मला पहिल्यांदा तूच सांगितलीस, आठवतं? हज़रतगंजात, समोसा खाता खाता. शेवटी एक श्वापद येणार, सगळ्यांच्या उजव्या हातावर नाही तर कपाळावर खूण करणार, आणि ज्याला खूण नाही त्याला काही विकत घेता येणार नाही की विकता येणार नाही. त्याचा आकडा सहाशे सहासष्ट. तू हसत होतीस. तुझ्यासाठी ती लहानपणापासूनची गोष्ट. आमच्या घरात शेवट म्हणजे कल्की, आणि त्याला अजून चार लाख वर्षं अवकाश. तुमच्याकडे सगळं पुढच्या आठवड्यात होतं. यार, मी घाबरलो. तू समोसा संपवलास, हात पुसलेस आणि विसरलीस. मी नाही विसरलो.

काका ठीक आहेत. रोज संध्याकाळी जातो त्यांच्याकडे. तुझे पप्पा आणि मी, दोघंच चहा घेतो. तुझ्या खुर्चीवर कुणी बसत नाही.

परत ये. तिथे राहिलीस तर आधी तुझ्या हाताला शाई लागेल, मग खूण.

भास्कर

———

लखनौ
२१ मे १९८७

सुनीती, सलाम.

मला उत्तर नाही, पण काकांना दर पंधरा दिवसांनी पत्र. अच्छा. मग ऐक : ती पत्रं मीच वाचतो. साखरेनं काकांची नजर इतकी उतरली आहे की तुझं बारीक अक्षर त्यांना भिंगातूनही लागत नाही. आणि त्यांची उत्तरंही मीच लिहितो. त्यांच्या नावाच्या पत्रात माझं अक्षर बघून तू चिडत असशील. चिड. तेवढा तरी माझा विचार करशील.

परवाच्या पत्रात तू चेकच्या तळाशी असलेल्या त्या चमत्कारिक आकड्यांबद्दल लिहिलंस. शाईत लोहाची पूड असते, यंत्र त्या आकड्यांना चुंबकानं ओळखतं, मिनिटाला शेकडो चेक माणसाचा हात न लागता वेगळे होतात. आणि तिथल्या कुठल्या एका परदेशी बँकेनं भिंतीतच यंत्र बसवलंय, कार्ड सरकवलं की नोटा बाहेर येतात. "पप्पा, मजा येते बघायला," असं लिहिलंयस.

मी हे वाचलं आणि काका उठून खिडकीपाशी गेले. गोमतीकडे तोंड करून म्हणाले, "यमुना असती तर हसली असती रे. मला का हसू येत नाही?"

यमुनाकाकू होत्या तोवर काका साध्या चर्चमध्ये जायचे, साधी प्रार्थना करायचे, घरी येऊन मटण खायचे. काकूंनंतर ब्रदर मसीहनी त्यांना धरलं, हे तुझं म्हणणं. मी म्हणतो सत्यानं धरलं. तीस वर्षं औषधांच्या संशोधनात घालवलेला माणूस, उगाच कुणाच्या बोलण्यात येईल? त्यांनी स्वतः तक्ते केले आहेत. पेन्शनच्या खात्याला बँकेनं नवीन नंबर दिला, त्याच्या अंकांची बेरीज अठरा निघाली. अठरा म्हणजे तीन वेळा सहा. त्या दिवसापासून ते बँकेत गेलेले नाहीत. तू म्हणतेस लाखो खाती, त्यातल्या काहींची बेरीज अठरा येणारच. काकांनी तेच गणित मला करून दाखवलं होतं, आणि मग म्हणाले, "पण माझीच का आली?"

आमच्याकडची बातमी : मी घर सोडलं. नानांनी रेल्वेतल्या पुलांचे नकाशे तपासण्यात जन्म घालवला, त्यांना कुठलीही गोष्ट वजन टाकून बघायची सवय. मी म्हटलं, बी.एस्सी.ला आता अर्थ नाही, काळ थोडा उरलाय. नाना म्हणाले, "जग बुडायचं ते बुडेल. सप्लिमेंटरीच्या फॉर्मची शेवटची तारीख सोमवार आहे. सोमवारपर्यंत टिकतंय का ते विचार तुझ्या ब्रदरला." मी ताट भिरकावलं. आमटी त्यांच्या ऑफिसच्या फाइलवर सांडली. आई रडली. मी तुमच्या बाहेरच्या खोलीत राहायला आलो. काकांना सोबत झाली.

तर आता मी तुमच्या घरात राहतो. तू नाहीस त्या घरात.

आणि हा विनय कोण? तीन पत्रांत पाच वेळा विनय. "विनयनं सेक्शनला चहा दिला." देऊ दे. त्याच्या चहाला कसली शाई लागलीये ते बघ.

भास्कर

———

मलिहाबाद
२९ जून १९८७

सुनीती, सलाम.

बागेतून लिहितोय. ब्रदर मसीहच्या साडूची दसेरी आंब्यांची बाग आहे, सहा कुटुंबं इथे आलोय. नोटा बंद होतील त्या दिवसाची तयारी. गव्हाचे पिंप भरलेत, हातपंप बसवलाय. ब्रदर म्हणाले, पैशाशिवाय जगायची आदत आजच डालो, बच्चो. म्हणून मला दोन पेट्या दसेरी देऊन लखनौला चौकच्या बाजारात पाठवलं. एका पेटीच्या बदल्यात बैठकीतल्या बायकांसाठी कापड आणायचं.

चिकनच्या भरतकामाच्या कापडाच्या दुकानातले म्हातारे मियाँ माझ्याकडे बघत राहिले. "मियाँ, आम तो हमारे ससुराल से ही इतने आते हैं कि पड़ोसी दरवाज़ा नहीं खोलते." मी तिथेच भाषण केलं, हाँ, भर दुकानात. एक दिवस तुमच्या नोटांना कुणी विचारणार नाही, कपाळ बघतील. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "बेटा, किसी लड़की का चक्कर है क्या?"

तू तिथे असायला हवी होतीस. खूप हसली असतीस, आणि मला चाललं असतं.

काकाही आलेत बागेत. परवा पेट्या ठोकत होते तिथून चालताना पायात खिळा गेला. साखरेमुळे पायाला काही कळत नाही त्यांच्या, बुटात रक्त दिसलं तेव्हा समजलं. मी धुऊन पट्टी बांधली. काही विशेष नाही.

भास्कर

———

लखनौ
२० जुलै १९८७

सुनीती, सलाम.

तुझा पैशांचा ड्राफ्ट पोचला. काळजी नसावी. नीट ठेवला आहे.

काकांच्या पत्रात सगळं लिहिलंच आहे. पाय भरत येतोय.

ड्राफ्टच्या पाकिटात माझ्यासाठी चार शब्द असतील म्हणून मी पाकीट उलटं करून झटकलं. नव्हते.

भास्कर

———

लखनौ
६ सप्टेंबर १९८७

सुनीती,

तुझं पत्र! माझ्या नावाचं! टपालवाल्याला मी मिठी मारली, तो म्हणाला, "नौकरी लगी?"

अकराच ओळी आहेत, आणि त्यातल्या नऊ काकांबद्दल. तरी चालेल. "भास्कर, पप्पांकडे तू आहेस म्हणून मी इथे झोपू शकते." ही ओळ मी इतक्या वेळा वाचली की आता कागद न उघडता दिसते.

तू विचारलंस त्याची उत्तरं. इन्सुलिन चालू आहे. बाटली माठाच्या ओल्या वाळूत ठेवतो. जखम अजून ओली आहे, गल्लीतल्या डॉक्टरांना दाखवली. दुसरा ड्राफ्टही मिळाला. नीट ठेवला आहे.

माझी सायकल नाही आता. चालायला बरं वाटतं.

तू लिहिलंस, "पप्पांची तब्येत बरी असेल तर नाताळला येते. बरी नसेल तर सांग, नोकरी गेली तरी चालेल, मी निघून येईन."

सुनीती, असं कुणाला लिहू नये.

भास्कर

———

लखनौ
१८ ऑक्टोबर १९८७

सुनीती, सलाम.

काका बरे नाहीत. तू म्हणाली होतीस सांग, म्हणून सांगतोय. अंगठा काळा पडलाय. मोठ्या हॉस्पिटलात नेलं होतं, ते म्हणतात भरती करा, इंजेक्शनं बाहेरून आणावी लागतील, उशीर झाला तर पाय घोट्यापासून जाईल. काका परत घरी आले. मी अडवलं नाही.

ब्रदर मसीह येऊन तेल लावून गेले. "वाघचौरे साहब, अब तो आसमान खुलने ही वाला है, पैर का क्या ग़म." काकांनी डोळे मिटून घेतले होते.

तू ये. तुझ्याशिवाय ते हॉस्पिटलला तयार होणार नाहीत. मी सांगून थकलो. तू आलीस की सगळं होईल.

भास्कर

———

लखनौ
९ नोव्हेंबर १९८७

सुनीती,

मी लिहिलं ये, आणि तू मोठा ड्राफ्ट पाठवलास. "प्रोबेशन संपायला पाच आठवडे आहेत, साहेब रजा देत नाहीत, पण पैशाकडे बघू नका, सगळ्यात चांगल्या डॉक्टरकडे न्या, मी वीस डिसेंबरला पोचते."

नोकरी गेली तरी चालेल म्हणाली होतीस. तुझ्याच अक्षरात आहे, माझ्याजवळ आहे.

मी चिडून लिहितोय, मला कळतंय. काकांना ताप आहे. काल त्यांनी मला यमुना म्हणून हाक मारली, मग ओळखलं, मग म्हणाले, "सॉरी हं." मला सॉरी म्हणाले.

पाच झाले. नीट ठेवले आहेत.

भास्कर

———

लखनौ
२६ नोव्हेंबर १९८७

तार केली आहे. हे पत्र तुझ्या आधी पोचेल की नंतर, ठाऊक नाही. काका आज सकाळी सव्वासहाला गेले.

भास्कर

———

लखनौ
१४ जानेवारी १९८८

सुनीती, सलाम.

तुझं पत्र मिळून आठ दिवस झाले. तुझ्या त्या पत्राला द्यायचं उत्तर माझ्यापाशी एकच होतं, आणि ते मी आठ दिवस न लिहिता जपलं. म्हटलं, जितके दिवस जपता येतील तितके माझे.

तू लिहिलंस, "चारबागचं मी केव्हाच विसरले. निशातगंजच्या कब्रस्तानात माती देऊन सगळे निघाले, तू तिथेच उभा राहिलास ते मी पाहिलं. पप्पांचं शेवटी तूच केलंस, मी फक्त पैसे पाठवले. कॉलेज पुरं कर, बँकेच्या परीक्षेचा फॉर्म सोबत पाठवतेय. मुंबईला ये. विनयचं लग्न ठरलंय, तू उगाच त्याला शिव्या दिल्यास. आलास की बोलू. बोलण्यासारखं आहे."

बोलण्यासारखं आहे. देवा!

आता ऐक. मधे थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

दफन झाल्यावर तू मला अंगणात विचारलंस, "पैसे पुरले ना रे?" मी म्हटलं, "पुरले." तू माझा हात हातात घेतलास, सगळ्यांच्या देखत, आणि म्हणालीस, "तू होतास म्हणून."

या पाकिटात पाच ड्राफ्ट आहेत. मोजून घे. एकही बँकेत गेला नाही.

पहिला आला तेव्हा काकांनी तो टेबलावर ठेवला, ब्रदर मसीहना बोलावलं. ब्रदरनी तळचे आकडे भिंगातून बघितले, बेरीज केली, मधले दोन वगळले, पुन्हा केली, आणि खुर्ची मागे सरकवली. काका म्हणाले, "माझ्या मुलीनं पाठवलाय हो." ब्रदर म्हणाले, "बेटी ने भेजा है, मगर किसके हाथ से गुज़रा है?" काकांनी मला सांगितलं, परत पाठव. परत पाठवला तर तुला वाईट वाटेल म्हणून मी तो काकूंच्या शिवणाच्या डब्यात ठेवला. काकांना सांगितलं पाठवला. त्यांच्या नावानं तुला लिहिलं पोचला. दोन्हीकडे मीच बोलत होतो, अडवणार कोण?

इथपर्यंत मी भ्याडपणा केला, पण विश्वासानं केला. यापुढचं तसं नाही.

ऑगस्टमध्ये इन्सुलिनचे पैसे संपले. मी सायकल विकली, मग नानांनी दिलेलं घड्याळ विकलं. श्वापदाचा पैसा नको तर आपला लावावा, असा माझा हिशेब. मला त्याचा अभिमानही वाटायचा, काय सांगू. तुझ्या वडिलांना मी माझ्या घामानं जगवतोय, एक दिवस तुला कळेल आणि तू रडशील, अशी चित्रं काढायचो मनात. तू रडायचीस त्यात. सुंदर दिसायचीस.

मग तुझं ते पत्र आलं. बरे नसतील तर नोकरी सोडून येते.

ऑक्टोबरच्या अकरा तारखेला, रविवारी, ब्रदर प्रार्थना करून गेल्यावर काकांनी मला जवळ बोलावलं. ताप नव्हता त्यांना त्या दिवशी, डोकं साफ होतं. म्हणाले, "भास्कर, मी आयुष्यभर प्रयोगशाळेत काम केलं. ती शाई आहे ना, त्यात आयर्न ऑक्साइड असतं. गंज रे, गंज. दुसरं काही नसतं. यमुना गेल्यावर मला कुणीतरी सांगायला हवं होतं की हे सगळं लवकर संपणार आहे. मसीहनी सांगितलं. मला बरं वाटलं. एवढंच होतं ते." मग म्हणाले, "सुनीतीचा एखादा कागद येईल आता पुन्हा. आला की टाकून ये बँकेत. प्रभू काही असा शाई तपासणारा नाही."

मी सांगितलं, काका, आलेले सगळे आहेत, मी परत पाठवले नाहीत. त्यांना इतका आनंद झाला. "शाबास! बदमाश आहेस." खरंच असं म्हणाले. पैसे काढायच्या चिठ्ठीवर त्यांनी सही केली. तीन वेळा पेन घसरलं. तीही पाकिटात आहे. ती सही बघ, अजून वाचता येते.

सोमवारी सकाळी मी बँकेत गेलो. खिडकीवरच्या बाबूनं विचारलं, "वाघचौरे साहब कैसे हैं? खाते में डाल दीजिए, परसों तक हो जाएगा." एवढंच होतं. खाली वाकायचं, पावती भरायची, परवापर्यंत पैसे. हॉस्पिटलात खाट, इंजेक्शनं, अंगठा काढला असता तर पाय राहिला असता. नाताळला तू आली असतीस आणि काका दारापर्यंत चालत आले असते.

आणि तू दोन जानेवारीला परत गेली असतीस.

मी खिडकीपाशी उभा होतो. माझ्या मागे रांग होती. मी स्वतःला म्हणालो, हा पैसा खुणेचा आहे, काका आजारपणात डळमळले, मी डळमळू नये. अगदी हेच शब्द. मोठे शब्द होते, त्यांच्याआड माणूस सहज मावतो. पण सुनीती, मी तुझी शपथ घेऊन, नाही, तुझी नको, काकांच्या मातीची शपथ घेऊन सांगतो, त्या खिडकीपाशी मला श्वापद आठवलं नाही. मला तुझं अक्षर आठवत होतं. बरे नसतील तर येते. आणखी आठ दिवस बरे नसले की तू येणार. मग तू आलीस की लगेच हे ड्राफ्ट टाकू, लगेच हॉस्पिटल, तुझ्यासमोर, दोघं मिळून.

आठ दिवस. तेवढेच मला हवे होते.

घरी येऊन मी काकांना सांगितलं, बँकेचं यंत्र बिघडलंय, तारखांचा काही घोळ आहे, घेत नाहीत. काका हसले. "बघ, श्वापदालाही दुरुस्ती लागते." मीही हसलो.

त्यानंतर दोन वेळा त्यांनी विचारलं. दोन्ही वेळा मी यंत्रावर ढकललं. तिसऱ्यांदा विचारलं नाही. कळलं होतं का त्यांना? मला वाटतं कळलं होतं. त्या आठवड्यात एकदा पट्टी बदलताना ते म्हणाले, "तू सुनीतीला फार लिहितोस का रे?" मी म्हटलं, हो. "येणार आहे का ती?" म्हटलं, तुम्ही बरे नसाल तर येणार आहे. ते म्हणाले, "मग तिला लिही की बरा आहे." आणि तोंड भिंतीकडे केलं.

मी नाही लिहिलं. मी लिहिलं, काका बरे नाहीत, ये. तू नाही आलीस, ड्राफ्ट आला. पाचवा. तोपर्यंत काळेपणा घोट्याच्या वर गेला होता. मग मी धावलो. तुला सांगितलं नाही, पण धावलो. अठरा नोव्हेंबरला सगळे ड्राफ्ट घेऊन बँकेत गेलो, तर कुठल्यातरी संपामुळे बँक बंद, शटर खाली. मी शटरवर लाथा मारल्या. पुन्हा बँकेत जायचं भानच उरलं नाही. नानांकडे गेलो. सहा महिन्यांनी दारात उभा होतो. त्यांनी एक प्रश्न विचारला नाही, कपाटातून पैसे काढले, स्वतः टॅक्सी आणली, काकांना उचलून आत ठेवलं. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी चादर वर केली, परत खाली केली, आणि नानांना बाजूला घेऊन बोलले. माझ्याशी नाही बोलले. आठ दिवस नाना रोज डबा घेऊन यायचे. काकांच्या पलंगाशी बसून पेपर वाचून दाखवायचे. एकदा काका त्यांना म्हणाले, "देवधर, मुलगा चांगला आहे हो तुमचा." नानांनी माझ्याकडे बघितलं. मी बाहेर गेलो.

शेवटच्या पहाटे काका शुद्धीवर नव्हते. आकाश उघडलं नाही, कुणी आलं नाही. वॉर्डातला माणूस बादली घेऊन फरशी पुसत आला, आमच्या पलंगाशी थांबला, बघितलं आणि बादली उचलून पुढच्या पलंगापासून पुसायला लागला.

ब्रदर मसीह अजून बैठक घेतात. मी तीन आठवड्यांपूर्वी जाऊन उभं राहून सगळं सांगितलं. शांतपणे ऐकलं त्यांनी. म्हणाले, "बेटा, तूने निशान का पैसा नहीं छुआ. तेरी हार भी गवाही है." लोक आमेन म्हणाले. मी त्यांची कॉलर धरली. दोघांनी मला ओढून रस्त्यावर आणलं. त्यांनी काकांना फसवलं असं तू म्हणायचीस. मला वाटतं ते जे सांगतात ते सगळं त्यांना खरं वाटतं. फसवलं मी, आणि मला काहीच खरं वाटत नव्हतं, तुझ्याशिवाय.

तू बँकेत आहेस. पाच ड्राफ्ट वटले का, हे तुला एका दुपारी कळलं असतं. तू विचारणार नाहीस, हे मला ठाऊक होतं. आठ दिवस मी तेच घोळवत होतो. मुंबईला यायचं, परीक्षा द्यायची, आपण दोघं, एखाद्या संध्याकाळी तू म्हणणार, पप्पांचं शेवटी तूच केलंस, आणि मी मान हलवणार. जन्मभर. करू शकलो असतो मी. तेवढा खोटेपणा माझ्यात आहे, आता मोजमाप कळलंय.

पण परवा तुमचं घर रिकामं करताना काकूंचा डबा उघडला. ड्राफ्ट काढायला गेलो तर तळाशी काकांचं भिंग. त्यांनी कधी ठेवलं, माहीत नाही. डबा कुठे आहे हे त्यांना ठाऊक होतं तर. रोज मी बाहेर गेल्यावर उघडून बघत असतील, अजून पाचही आहेत का. एवढ्या क्षीण नजरेनं. आणि मला एक शब्द बोलले नाहीत.

भिंग तुझं आहे. वेगळं पार्सल करतो.

घराची किल्ली नानांकडे दिली आहे, तुला पत्ता ठाऊक आहे. मी परत त्यांच्याकडे राहतो. परीक्षेचं विचारत नाहीत. जेवायला हाक मारतात.

फॉर्म परत पाठवतोय. कोराच आहे. तुझं पत्र आलं त्या दिवशी पहिल्या ओळीत नाव तेवढं लिहून बसलो होतो. ते खोडलं आहे, पण पेनचा दाब फार होता, मागून उमटलंय. दुसऱ्या कुणाला द्यायचा झाला तर नवीन घे.

भास्कर देवधर